गाडी खेचते, पण कधी?

कळमेश्वरात गॅरेज चालवताना 'भाऊ, गाडी खेचून राहिली' ही तक्रार सतत कानावर येते आणि तिच्यावर सर्रास चुकीचा इलाज होतो. गिऱ्हाईक म्हणतं खेचते, मिस्त्री म्हणतो अलाइनमेंट करून घ्या. गाडी नागपूरला मशीनवर चढते, कागदावर सगळे आकडे हिरवे येतात आणि परतीच्या वाटेवर फेटरी ओलांडली की ती पुन्हा खेचू लागते. यात मशीन खोटं बोलत नाही. त्याला उभी गाडी दिसते. इंजिनाचा जोर चाकांवर आल्यावर काय होतं आणि खड्ड्यात चाक खाली-वर झाल्यावर काय होतं, हे त्याला दिसत नाही. यातल्या पहिल्या दुखण्याला टॉर्क स्टीअर म्हणतात, दुसऱ्याला बम्प स्टीअर. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्यांत ही दोन्ही दुखणी एकाच स्टिअरिंगवर हाताला लागतात, म्हणून माणसं त्यांची गल्लत करतात. इतकी वर्षं हात काळे करून जे उमगलं, ते क्रमाने लिहितो.

१. 'कोणत्या बाजूला खेचते' हे नंतर विचारा, आधी 'कधी खेचते' ते विचारा.

गिऱ्हाइकाला शेजारी बसवून मी गाडी रस्त्यावर काढतो. रस्ता मोकळा आणि सपाट असेल तिथे दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबतो, स्टिअरिंगवर हात हलका ठेवतो. दाबल्यावर एका बाजूला गेली आणि सोडल्यावर सरळ झाली किंवा उलट्या बाजूला झुकली, तर दोष इंजिनाच्या जोराशी जोडलेला आहे. न्यूट्रलमध्ये घरंगळतानाही खेचत असेल, तर टायर, अलाइनमेंट, अडकलेला ब्रेक किंवा खुद्द रस्ता बघायचा. सपाटीवर ठीक चालते आणि खड्डा किंवा डांबराची लाट आली की स्टिअरिंग हातात झटका देतं, तर तो बम्प स्टीअर. ब्रेक मारल्यावरच खेचत असेल तर कॅलिपरची पिन जाम आहे का ते आधी पाहायचं. थोडं चालवून थांबा आणि दोन्ही चाकांच्या रिमजवळ हात न्या, एक रिम जास्त तापलेली जाणवेल.

एवढ्या फेरीला दहा मिनिटं लागतात. ती न करता जॅक लावणाऱ्या मिस्त्रीला कामाची घाई आहे, असं खुशाल समजा.

२. डावीकडे थोडं ओढणं हा रोग नाही.

पाणी वाहून जावं म्हणून डांबरी रस्त्याला मधून कडेला साधारण २ ते २.५ टक्के उतार दिलेला असतो. आपण डावीकडून चालतो, म्हणून हात सोडला की गाडी हळूहळू डावीकडे सरकते. त्यासाठी माझ्याकडे आलेल्या माणसाला मी परत पाठवतो. पैसे घेऊन काही तरी 'सेट' करून देणारे भेटतात. त्यांच्याकडून आलेली गाडी सपाट रस्त्यावर उजवीकडे ओढू लागते.

३. टॉर्क स्टीअरचं मूळ बहुतेक गाड्यांच्या बांधणीतच आहे.

बॉनेट उघडून पाहा. आडवं बसवलेलं इंजिन आणि त्याच्याच टोकाला जोडलेला गिअरबॉक्स. ही मांडणी फियाटच्या दांते जाकोझा यांची. १९६४ मध्ये ती ऑटोबियांकी प्रिमुला या गाडीत आली, १९६९ च्या फियाट १२८ ने ती जगभर पोचवली आणि आज आपल्या अंगणातल्या जवळपास सगळ्या छोट्या गाड्या तिच्याच वंशातल्या आहेत. जागा वाचते, बनवायला स्वस्त पडते. मात्र गिअरबॉक्स एका बाजूला गेल्यामुळे डिफरन्शियल मधोमध राहत नाही. मग एका चाकाचा ॲक्सल आखूड आणि दुसऱ्याचा लांब होतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत डावा आखूड, उजवा लांब असतो.

लांब ॲक्सल जास्त पिळतो, म्हणून गाडी ओढते, असं सगळे सांगतात. ते थोडं खरं आहे, पण मोठा भाग ॲक्सलच्या टोकाच्या सांध्याच्या, म्हणजे सीव्ही जॉइंटच्या, कोनाचा आहे. जोर दिला की गाडीचं नाक वर उचललं जातं. उंची दोन्ही बाजूंना सारखीच वाढली तरी आखूड ॲक्सलचा कोन जास्त वाढतो. कोनात फिरणारा जॉइंट चाकाला फिरवता फिरवता त्याला आतल्या बाजूला वळवायचाही प्रयत्न करतो. दोन्ही चाकांवरचा हा जोर सारखा असता तर एकमेकांना मारून गेला असता. तो सारखा नसतो, म्हणून गाडी बहुधा लांब ॲक्सलच्या बाजूला जाते. जोडीतला एक बैल दुसऱ्याहून दांडगा असला की सरळ तासातही कासरा हातात धरून ठेवावा लागतो, तसंच इथे आहे.

४. मारुती ८०० ला हे दुखणं का नव्हतं?

होतं, पण कळत नव्हतं. डिसेंबर १९८३ मध्ये ती आली तोवर आपल्या रस्त्यांवर ॲम्बॅसॅडर आणि पद्मिनी, म्हणजे मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या होत्या. ८०० चा टॉर्क ५९ न्यूटन-मीटर. एवढ्याशा जोरात ओढून ओढून किती ओढणार? जानेवारी २००७ मध्ये स्विफ्ट डिझेल आली ती १९० न्यूटन-मीटर घेऊन आणि तोही २००० आरपीएमलाच. त्याखाली टर्बो झोपलेला, तिथे एकदम जागा होणार. २०११ ची एक्सयूव्ही ५०० चाकणहून निघाली तेव्हा ३३० न्यूटन-मीटर होते आणि तिच्या साध्या प्रकारांत ते सगळे पुढच्या दोन चाकांवर येत. हे आकडे इंजिनाचे. पहिल्या गिअरमध्ये ते साधारण १२ ते १४ पट होऊन चाकांपर्यंत जातात.

आता विजेच्या गाड्या आल्या. २०२० च्या नेक्सॉन ईव्हीचे २४५ न्यूटन-मीटर थांबलेल्या अवस्थेपासूनच हजर असतात. सिग्नल सुटल्यावर पाय पूर्ण दाबून निघणाऱ्या पोरांना स्टिअरिंग का वळवळतं ते कळत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल बरंच सांभाळून घेतं, सगळं नाही.

५. बांधणीतला दोष आणि नंतर लागलेला दोष वेगळे करा.

नवी कोरी असताना जेवढी ओढत होती तेवढीच आजही ओढत असेल, तर पैसे खर्च करू नका. कारखानदारांनी त्यावर उपाय शोधलेले आहेत. लांब बाजूला मध्ये एक जोडशाफ्ट आणि बेअरिंग टाकून दोन्ही ॲक्सल सारख्या लांबीचे करतात. तुमच्या गाडीत इंजिनाच्या मागे उजव्या ॲक्सलवर या बेअरिंगचं ब्रॅकेट दिसलं, तर तुमच्या गाडीवर हा खर्च केलेला आहे. फोर्डने २००९ च्या फोकस आरएसमध्ये ४४० न्यूटन-मीटर पुढच्या चाकांवर टाकले आणि ते आवरायला 'रेव्होनकल' नावाचा वेगळाच सांधा बनवला. रेनॉनेही मेगान आरएसला आपल्या पद्धतीचा दिला. हे सगळं आपल्या गॅरेजात होत नाही आणि करूही नये.

पण 'आधी ओढत नव्हती जी, दिवाळीपासून ओढून राहिली,' असं कोणी म्हणालं की मी हातातलं काम ठेवतो. नंतर आलेली ओढ म्हणजे काही तरी झिजलेलं, फाटलेलं किंवा वाकलेलं आहे आणि ते सापडतं.

६. इंजिन माउंटिंग आधी, बाकी नंतर.

हँडब्रेक ओढून, ब्रेकवर पाय घट्ट ठेवून पहिल्या गिअरमध्ये क्लच थोडाच सोडायचा आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून उघड्या बॉनेटमधून पाहायचं. गाडीसमोर कोणी उभं राहायचं नाही. मग रिव्हर्समध्ये तसंच. इंजिन थोडं हलणारच, पण उसळी मारत असेल तर माउंटिंगचं रबर गेलेलं आहे. इंजिन डोललं की ॲक्सलचे कोन बदलतात आणि बांधणीत मुळात थोडी असलेली ओढ दुप्पट वाटू लागते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो, बॉनेटखाली तर विचारू नका. इथे रबर लवकर मरतं. सीव्ही जॉइंटचे बूटही तसेच फाटतात. ग्रीस बाहेर, माती आत आणि पुढे वळताना कटकट आवाज. बूट फाटलेला दिसला त्याच आठवड्यात बदला, नाही तर अख्खा जॉइंट बदलावा लागतो.

७. लोअर आर्मचं मागचं बुश हा खरा चोर.

यावर मी सगळ्यात जास्त बोलतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जाताना पाहिले आहेत. जोर दिला की पुढचं चाक गाडीला पुढे ओढतं, म्हणजे ते स्वतः, त्याला खालून धरणाऱ्या लोअर आर्मसकट, पुढे सरकायला बघतं. ब्रेक मारला की मागे सरकायला बघतं. ते धरून ठेवण्याचं काम आर्मच्या बुशचं, विशेषतः मागच्या मोठ्या बुशचं. ते फाटलं की चाक काही मिलिमीटर पुढे-मागे खेळतं. स्टिअरिंगच्या रॅकपासून चाकापर्यंत जाणारा टाय रॉड मात्र जागेवर असतो. त्यामुळे चाक सरकलं की त्याची दिशाही बदलते. एकाच बाजूचं बुश गेलं असेल तर गाडी ॲक्सिलरेटरवर एका बाजूला आणि ब्रेकवर दुसऱ्या बाजूला ओढते. ही खूण लक्षात ठेवा. बांधणीतला टॉर्क स्टीअर ब्रेकवर बोलत नाही.

उभ्या गाडीत हे बुश चांगलं दिसतं, कारण त्याच्यावर जोर नसतो. भेग तोंड मिटून बसते. पहार घालून आर्म पुढे-मागे रेटल्याशिवाय ती उघडत नाही. अलाइनमेंटचा कागद हिरवा येतो तो यामुळेच. बुश बदलल्यावर बोल्ट चाकं हवेत असताना शेवटचे आवळू नका. गाडी चाकांवर उभी करून, तिच्या नेहमीच्या उंचीला आवळा. नाही तर नवं रबर पहिल्या दिवसापासून पिळलेलं राहतं आणि वर्षभरात पुन्हा फाटतं. ही चूक मोठ्या, काचेच्या भिंती असलेल्या वर्कशॉपांतूनही झालेली पाहिली आहे.

८. टायर अदलाबदल फुकटची आहे, आधी ती करा.

पुढचा डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. ओढ उलटली तर टायर दोषी. एकाच दिशेने फिरवायचे टायर असतील, तर ते असे बदलू नका.

९. मॅग व्हीलची हौस टॉर्क स्टीअरला खतपाणी घालते.

चाक ज्या आसाभोवती वळतं तो आस आणि टायरचा मध्य यांत किती अंतर ठेवायचं ते कारखान्याने ठरवलेलं असतं. रिमचा ऑफसेट कमी केला किंवा रिममागे स्पेसर घातला की हे अंतर वाढतं. मग इंजिनाचा प्रत्येक झटका आणि प्रत्येक खड्डा जास्त लांब दांड्याने स्टिअरिंगवर येतो. टायर बाहेर आलेली गाडी देखणी दिसते हे मला मान्य आहे. फक्त नंतर स्टिअरिंग जड झालं म्हणून माझ्याकडे येऊ नका.

१०. आपल्या रस्त्यांना बम्प स्टीअर लगेच सापडतो.

कळमेश्वर, मोहपा, धापेवाडा, काटोल हा सगळा काळ्या मातीचा मुलूख. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्यावरचं डांबर लाटा घेतं. वर एमआयडीसीचे जड ट्रक. डावीकडची कडा खचलेली असते. त्यामुळे एक चाक खाली, एक वर, असं सतत चालू राहतं.

चाक खाली-वर होताना लोअर आर्म एक कमान आखतो, टाय रॉड दुसरी. दोन्ही कमानी जुळल्या तर चाक सरळ राहतं. जुळल्या नाहीत तर खाली-वर होता होताच ते आत किंवा बाहेर वळतं, तुम्ही स्टिअरिंग जराही न हलवता. दोन्ही चाकं एकाच वेळी एकसारखी उडाली तर फारसं कळत नाही, कारण दोन्हीकडचं वळण एकमेकांना छाटतं. एकच चाक खड्ड्यात गेलं की कळतं. म्हणून हा दोष गतिरोधकावर पकडू नका, खचलेल्या कडेवर पकडा.

११. गाडी उंच करणाऱ्यांनो, हे वाचाच.

शेताच्या पांदणीत गाडी खाली घासते, म्हणून शॉकॲब्सॉर्बरच्या माथ्यावर स्पेसर किंवा स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर घालायची आपल्या भागात चाल पडली आहे. अडचण खरी आहे, मी नाकारत नाही. पण बॉडी वर गेली की लोअर आर्म आणि टाय रॉड दोन्ही जास्त तिरपे होतात आणि त्या तिरप्या भागात दोन कमानींमधला फरक वाढतो. सोबत ॲक्सलचा कोनही वाढतो. म्हणजे एकाच स्पेसरने बम्प स्टीअर आणि टॉर्क स्टीअर दोन्ही घरात येतात, शिवाय सीव्ही जॉइंटचं आयुष्य घटतं. गाडी खाली बसवणाऱ्या शौकिनांचंही कमानींच्या बाबतीत तेच होतं, फक्त उलट्या दिशेने.

एका संत्रा बागायतदाराची डिझेल हॅचबॅक अशी आली होती. एका स्प्रिंगमध्ये बफर टिकला होता, दुसऱ्यातला निसटून पडलेला. मालक म्हणाले, 'स्टेरिंग गेलं वाटते, रॅक बदलून टाका.' दुसऱ्या एका गॅरेजने रॅकची किंमतही काढून दिली होती. आम्ही उरलेला बफर काढला, दोन्ही बाजूंची उंची मोजली, अलाइनमेंट केली. रॅक अजून तोच आहे.

१२. बम्प स्टीअर मोजायला महागडं यंत्र लागत नाही.

सपाट फरशी, स्टिअरिंग सरळ बांधलेलं, पुढच्या चाकांखाली पत्र्यांची एकेक जोडी आणि जोडीतल्या दोन पत्र्यांमध्ये ग्रीस. टायरच्या पुढच्या कडांमधलं अंतर आणि मागच्या कडांमधलं अंतर मोजा, वजाबाकी म्हणजे टो. लहान गाड्यांत तो शून्याच्या आसपास, मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे असतो. आता बॉडी मधून जॅकने थोडी थोडी उचला आणि प्रत्येक उंचीला मोजा. मग दोन धट्टीकट्टी पोरं पुढच्या बंपरवर दाबायला लावा आणि पुन्हा मोजा. गाडीच्या दोन्ही अंगांना लांब दोरी ताणली की कोणतं चाक किती वळलं तेही वेगळं दिसतं.

दोन्हीकडे सारखा, थोडा बदल असेल तर ती बांधणी. एकाच बाजूला जास्त असेल तर रॅक पकडणारं रबर, रॅकची बैठक, टाय रॉड किंवा आर्म पाहा. अपघातात रॅकची एक बाजू जरा वर सरकलेली असली तरी एवढा बदल होतो आणि नव्या रंगाखाली तो कोणाला दिसत नाही. जुनी गाडी घेताना ही दोरी मी आवर्जून लावतो.

१३. स्टिअरिंग वाकडं आलं म्हणून ते उपटून सरळ बसवणाऱ्यापासून लांब राहा.

आधी रॅक मधोमध, मग दोन्ही टाय रॉडचे आटे जवळपास सारखे, मग टो. क्रम हाच. एकाच बाजूचा रॉड फिरवून आकडा जुळवला तरी कागद हिरवाच येतो.

१४. संत्र्याच्या हंगामात गाडी वेगळी वागते.

मागची सीट पाडून क्रेट भरले की मागचं अंग बसतं, नाक वर होतं. पुढच्या चाकांवरचा भार कमी, पकड कमी आणि ॲक्सल, टाय रॉड नेहमीच्या कोनात नाहीत. भरलेला एक क्रेट २० किलोच्या आसपास धरा आणि किती भरता ते तुम्हीच मोजा. अशा वेळी खेचली तर गाडीला दोष देऊ नका. नेहमीच भरून चालवत असाल तर अलाइनमेंटही भरलेल्या गाडीवर करून घ्या आणि मागच्या टायरात मॅन्युअलमध्ये लिहिलेली भारासाठीची हवा ठेवा.

१५. चालवणाऱ्याच्या हातातही बरंच आहे.

वळण संपून चाकं सरळ होईपर्यंत जोर देऊ नका. ट्रकला ओलांडताना टर्बो अंगावर येतो, तिथे दोन्ही हात स्टिअरिंगवर हवेत, एक हात गिअरवर ठेवून चालवायची सवय सोडा. ओल्या रस्त्यावर, एक चाक डांबरावर आणि एक मुरमावर असताना ॲक्सिलरेटर दाबणं तर मोठंच संकट. पकड असलेलं चाक ओढतं, दुसरं नुसतं फिरतं. खड्ड्यात झटका आला की स्टिअरिंगशी झटापट करू नका. घट्ट पण स्थिर धरा आणि पाय सैल करा. उलट झटका मारणाऱ्यांच्याच गाड्या नालीत गेलेल्या मी ओढून काढल्या आहेत.

शेवटचं मागणं वाचणाऱ्यांकडे. गॅरेजला जाल तेव्हा 'खेचते' एवढंच सांगू नका. जोर दिल्यावर, जोर सोडल्यावर, ब्रेकवर, की खड्ड्यात. रिकामी असताना की भरलेली असताना. आणि कोणत्या दुरुस्तीनंतर सुरू झालं, हे सांगा. मिस्त्री तुमच्या शेजारी बसून एक फेरी मारायला तयार नसेल तर किल्ली परत घ्या आणि दुसरं गॅरेज गाठा. तो मिस्त्री मी असलो तरीही.